आंतल्या वस्त्राची गांठ

जुन्नर किंवा मंचर येथील एखाद्या जुन्या वाड्याच्या मागील अंगणांत दुपारच्या वेळीं डोकावलें, तर दोरीवर घातलेलें धुणें दृष्टीस पडतें. पुरुषांचे सदरे व पंचे अगदीं पुढें, भर उन्हांत. पातळें त्यांच्या मागें. आणि ज्या कपड्यांना ऊन सर्वांत अधिक हवें, ते स्त्रियांचे अंगालगतचे कपडे मात्र कोपऱ्यांतल्या दोरीवर, एखाद्या जुन्या पातळाखालीं झांकलेले. घरांतील लहान मुलगीही न सांगतां हें शिकते. तिला कोणी कारण सांगत नाहीं, आणि तीही विचारीत नाहीं.

वस्तुतः मराठी भाषेला ह्या विषयाची लाज मुळांत नव्हती. माहेरच्या मायेला जी भाषा 'साडीचोळी' म्हणते, जिच्यांत देवीची ओटी खणानारळानें भरली जाते, जिच्यांत स्त्रीच्या खासगी खर्चासाठीं लावून दिलेल्या उत्पन्नाला 'चोळीबांगडी' असें नांव होतें, त्या भाषेनें चोळीचा उच्चार नेहमींच उघडपणें व मानानें केला आहे. मग ही दोरी कोपऱ्यांत कशी गेली? ह्याचें उत्तर शोधावयाचें तर स्त्रियांच्या आंतल्या वस्त्रांत कालमानानें काय काय पालट होत गेले तें पाहिलें पाहिजे. आणि त्यासाठीं जुन्नर व आंबेगांव ह्या दोन तालुक्यांएवढी सोयीची जागा क्वचितच मिळेल. दोन हजार वर्षांच्या खुणा तेथें एकाच दिवसाच्या प्रवासांत भेटतात.

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. कोंकणच्या बंदरांत उतरलेला माल ह्या घाटानें वर चढे. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील प्रसिद्ध लेख आहे, आणि मागील भिंतीवर राजकुलांतील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या प्रतिमांवरील नांवें वाचतां येतात. प्रतिमांचीं मात्र पावलेंच काय तीं उरलीं आहेत. तेव्हां नागनिका काय नेसत असे, हें तेथें दिसत नाहीं. तें पाहण्यासाठीं ह्याच जिल्ह्यांतील मावळांत, कार्ल्याच्या लेण्यापाशीं जावें लागतें. तेथील दंपतींच्या मूर्तींत स्त्रीच्या कमरेला नेसूचें वस्त्र, त्यावर जाड मेखला, हातांपायांत व गळ्यांत भरपूर अलंकार आहेत. छाती मात्र उघडी आहे. ह्या स्त्रिया दासी नव्हेत, निर्लज्ज तर नव्हेतच. एका पवित्र स्थळाच्या दाराशीं त्या प्रसन्न मुद्रेनें उभ्या आहेत. कमरेच्या वस्त्राची जी गांठ, तिला संस्कृतांत 'नीवी' म्हणतात. त्या काळीं सारी पोषाखाची भिस्त त्या एका गांठीवर होती.

छातीला आधार देण्यासाठीं कापडाची पट्टी बांधण्याची युक्तीही जुनीच आहे. संस्कृतांत तिला 'स्तनपट्ट' असें नांव आहे. जुन्नरच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत इरिल, चिट व चंद अशीं 'यवन' म्हणविणाऱ्या गृहस्थांचीं नांवें कोरलेलीं आहेत. ज्या पश्चिमेकडून यवन हें नांव आलें, त्या ग्रीस व रोमच्या मुलखांतही स्त्रिया अशीच पट्टी बांधीत. सिसिली बेटावर पियाझ्झा आर्मेरिना येथें चौथ्या शतकांतील एका वाड्याच्या फरशीवर व्यायाम करणाऱ्या तरुणींचीं चित्रें आहेत; त्यांच्या अंगावर एक छातीची पट्टी व एक आखूड कटिवस्त्र, एवढाच पोषाख आहे. तात्पर्य, जी गरज शरीराची आहे, ती देशोदेशींच्या स्त्रियांनीं आपापल्या परीनें भागविली.

ह्यानंतर जुन्नरला एक परका साक्षीदार लाभला. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, १४७० च्या सुमारास, विकण्यासाठीं एक घोडा घेऊन चौलच्या बंदरांत उतरला व सह्याद्रि ओलांडून जुन्नरास आला. पावसाळा त्यानें तेथेंच काढला. त्या वेळीं जुन्नर बहामनी राज्यांत होतें. आपल्या प्रवासवृत्तांत त्यानें लिहून ठेवलें आहे कीं, ह्या देशांतील लोक उघडेच हिंडतात. स्त्रियांचीं डोकीं व छाती उघडीं असतात, आणि केसांची एकच वेणी असते. राजघराण्यांतील स्त्रिया मात्र एक वस्त्र खांद्यावरून व एक कमरेला गुंडाळतात. थंड मुलखांतून, लोकरी व कातडी कपड्यांतून आलेल्या त्या प्रवाशाला सगळेंच उघडें वाटलें असेल, हें ध्यानांत घ्यावयास हवें. तरीही त्याची एक गोष्ट पटते. वस्त्र किती, हें त्या काळीं लाजेवर नव्हे तर ऐपतीवर ठरत होतें. ज्याच्या घरीं कापड अधिक, त्याच्या घरची बाई अधिक झांकलेली.

यावरून कित्येकांचा असा समज होतो कीं, शिवलेली चोळी ही परकी सत्तेबरोबर आली व तत्पूर्वी येथें सुईच नव्हती. हा समज खरा नाहीं. अजिंठ्याच्या चित्रांत राण्यांच्या अंगावर तलम, जवळजवळ न दिसणारें वस्त्र असलें, तरी नर्तकी व दासी ह्यांच्या अंगांत बाह्यांच्या शिवलेल्या चोळ्या आहेत. 'चोल' व 'कूर्पासक' हे दोन्ही शब्द अमरकोशांत आढळतात. म्हणजे शिवलेलें व न शिवलेलें, झांकलेलें व उघडें, हे प्रकार शतकानुशतकें शेजारीं शेजारीं नांदत होते. आणि गंमत अशी कीं, अजिंठ्याच्या भिंतीवर दासी अधिक झांकलेली आहे, राणी कमी.

मराठ्यांच्या काळापर्यंत येतां येतां ह्या पोषाखाला जें स्थिर रूप आलें, तें म्हणजे नऊवारी लुगडें व पुढें गांठ मारण्याची चोळी. ह्या जोडींतील शहाणपण आज विसरलें गेलें आहे. एका चोळीस पुरेल एवढ्या कापडाच्या तुकड्यास 'खण' म्हणतात. उत्तर कर्नाटकांतील गुळेदगुड्डचे रेशीमकांठी खण महाराष्ट्रांत घरोघर गेले. चोळीला गुंडी नाहीं, आंकडा नाहीं. पाठ व बाह्या अंगाबरोबर बेतलेल्या, आणि पुढचीं दोन टोंकें छातीखालीं ओढून मारलेली एक गांठ. आधार देण्याचें सारें काम ती गांठ करी. गरोदरपणीं ती सैल करावी, बाळंतपणानंतर पुन्हां आवळावी, मुलाला पाजतांना सोडावी. एकच वस्त्र स्त्रीच्या शरीराच्या साऱ्या अवस्थांना पुरे, आणि ती गांठ सर्वस्वी तिच्या हातीं असे. चोळीच्या आंत दुसरें कांहीं नसे. आंतलें वस्त्र तेंच व बाहेरचेंही तेंच. वर पदर आला कीं झालें.

कमरेखालचें काम कासोटा करी. निऱ्यांचा घोळ पायांमधून मागें नेऊन खोंवला कीं नऊ वारांचें लुगडें आपोआप विजारीसारखें दुपायी होई. त्याच्या आंत परकराची किंवा दुसऱ्या कशाची आवश्यकताच राहत नसे. जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिम पट्ट्यांत, घाटघर-भीमाशंकरच्या बाजूस, पावसाळ्यांत ज्यानें भातलावणी पाहिली आहे, त्याला ह्याचें महत्त्व सांगावयास नको. डोक्यावर इरलें, पाठीवर पावसाचा मारा, घोट्याच्या वर चिखल, आणि दिवसभर कमरेंत वांकून रोपें लावावयाचीं. महादेव कोळी व ठाकर स्त्रियांनीं लुगडें गुडघ्याशीं आवरून घट्ट कासोटा घातला तो ह्या कामासाठीं. हिरडे गोळा करण्यासाठीं रानांत हिंडतांना, कडा चढतांना-उतरतांना तोच कासोटा कामास आला. पुणें जिल्ह्याचें इंग्रजी गॅझेटियर १८८५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत जातीजातींचे पोषाख वर्णिले आहेत, आणि एकामागून एक जातींच्या वर्णनांत मराठी पद्धतीचें कासोट्याचें लुगडें व पुढें बांधावयाची आखूड बाह्यांची चोळी हींच पुन्हां पुन्हां येतात. कापड जाडें कीं तलम, कांठ सुती कीं रेशमी, एवढाच काय तो फरक.

परंतु ह्याच चोळीची एक दुःखद बाजू आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा वृत्तांत पुरा होणार नाहीं. चोळी हें जसें सोयीचें वस्त्र होतें, तसेंच तें सौभाग्याचें चिन्हही बनलें. ब्राह्मण व त्यांचें अनुकरण करणाऱ्या घरांत पति वारला कीं स्त्रीचे केस गेले, बांगड्या गेल्या, आणि चोळीही गेली. तांबडें आलवण हेंच तिचें एकमेव वस्त्र. कित्येकदां ही विधवा दहा-बारा वर्षांची पोर असे. तिचें शरीर त्यानंतर वाढत जाई, आणि ज्या वयांत मुलीला अंगाबरोबरचा आधार व आडोसा हवासा वाटतो, त्याच वयांत तो तिला नाकारलेला असे. पहाटेच्या थंडींत, ओलेत्यानें सोंवळ्याचें पाणी भरतांना, तिला आपला पदर दोन्ही हातांनीं सांवरावा लागे. ह्या वस्त्राचा संबंध विनयाशीं असता, तर तें विधवेला सर्वांत आधीं मिळालें असतें. संबंध विनयाशीं नव्हता, अधिकाराशीं होता.

हें केवळ महाराष्ट्रांतच घडलें असें नाहीं. दक्षिणेंत त्रावणकोर संस्थानांत चन्नार अथवा नाडर समाजाच्या स्त्रियांना वरच्या म्हणविणाऱ्या जातींसमोर छाती झांकण्याची मनाई होती. त्यांनीं ती मानली नाहीं. रस्त्यांत व बाजारांत त्यांचीं वस्त्रें ओढलीं गेलीं, दंगे झाले, आणि अनेक वर्षांच्या झगड्यानंतर २६ जुलै १८५९ च्या जाहीरनाम्यानें त्यांना वरचें वस्त्र वापरण्याची मुभा मिळाली. येथें जात, तेथें वैधव्य. निमित्त वेगळें, पण छातीवरील हातभर कापड कोणी वापरावें हें दुसऱ्यानेंच ठरवावयाचें, ही रीत एकच.

महाराष्ट्रांत ही रीत मोडावयास शाळा व आश्रम कारण झाले. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ सालीं मुंबईंत निघालें व पुढच्याच वर्षीं पुण्यास आलें. तेथें शिकलेल्या गोदूबाई ह्या विधवेशीं धोंडो केशव कर्वे ह्यांनीं १८९३ सालीं विवाह केला. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले ह्याही विधवा, केशवपन केलेल्या. हिंगण्याच्या आश्रमासाठीं त्या गांवोगांव वर्गणी मागत हिंडल्या, पुढें अमेरिकेपर्यंत गेल्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनीं केस वाढविले व विधवेचा वेष टाकून दिला. लोकांनीं नांवें ठेवलीं. पण ज्या आश्रमांतील मुलींना त्या मार्ग दाखवीत, त्यांच्यापुढें स्वतः तो चालून दाखविणें त्यांना अधिक महत्त्वाचें वाटलें.

ह्याच सुमारास पोषाखांत दुसरा पालट सुरू झाला होता. त्याचें उगमस्थान मुंबई. सत्येंद्रनाथ टागोर हे आय. सी. एस. होऊन मुंबई इलाख्यांत आले, तेव्हां त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी ह्यांनीं पारशी स्त्रियांची साडी, आंतला परकर व अंगांतील पोलकें पाहिलें, आणि ती धाटणी बंगाल्यांत नेली. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या. नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि फिलाडेल्फियाची थंडी तर बर्फाची. त्यांनीं गुजराती धर्तीनें साडी नेसण्याचें ठरविलें. कपड्यांतील एवढ्या फेरफाराबद्दलही त्यांना आपल्या पतीला पत्रानें समजावून सांगावें लागलें.

पुढें विसाव्या शतकांत शहरांतून पांचवारी गोल पातळ रूढ होऊं लागलें. जुन्या मंडळींना हें अत्यंत असभ्य वाटलें. कारण? कासोटा गेला! विकच्छ नेसणें म्हणजे जवळजवळ न नेसणेंच, असें त्यांचें मत. दुसऱ्या महायुद्धांत कापड दुर्मिळ झालें. १९४३ सालीं सरकारनें सुती कापडावर नियंत्रण आणलें. जेथें नऊ वार लागत तेथें पांच वारांत भागतें, ह्या व्यवहारापुढें वाद फिका पडला. मात्र कासोटा गेल्याबरोबर आंत कांहीं तरी घालणें भाग पडलें. लहान मुली परकर-पोलकें घालीत, तोच परकर आतां मोठ्या बाईच्या पातळाखालीं गेला, आणि परकराच्या आंत चड्डी आली. वरच्या बाजूसही तसेंच. गांठीच्या चोळीची जागा गुंड्यांच्या पोलक्यानें, मग झंपरानें, मग ब्लाऊजनें घेतली. पण गुंडी लावल्यानें झांकलें जातें, आधार मिळत नाहीं. म्हणून पोलक्याच्या आंत घरीं शिवलेली मांजरपाटाची 'बॉडी' आली. बाहेरचें वस्त्र आंत गेलें, आणि एका वस्त्राचीं दोन झालीं.

त्या बॉडीची पाश्चात्य बहीण ती ब्रेसियर. युरोप-अमेरिकेंतील स्त्रिया तोंवर व्हेलच्या मुखांतील लवचिक पट्ट्यांनीं व पोलादी कांबींनीं ताठ केलेल्या कॉर्सेटांत जखडलेल्या होत्या. पाठीमागें दोऱ्या आवळावयास दुसरें माणूस लागे. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब हिनें दोन रेशमी हातरुमाल व फीत एकत्र शिवून एक हलकें वस्त्र केलें आणि ३ नोव्हेंबर १९१४ रोजीं त्याचें पेटंट मिळविलें. दोन तुकडे व एक बंध. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी शिवणाऱ्या बाईला त्यांत नवल वाटण्याजोगें फारसें कांहीं नव्हतें. पुढें लवचिक धागा आला, नायलॉन आलें, आणि आज नारायणगांवच्या बाजारांतील साध्या दुकानींही हें वस्त्र मापामापाचें मिळतें.

आणि कासोटा? तो कांहीं मेला नाहीं. नारायणगांव हें तमाशाचें माहेरघर. तेथील फडांनीं तो रंगभूमीवर जिवंत ठेवला. सांप्रत गणेशोत्सवांत ढोल-लेझीम खेळणाऱ्या मुली शिवलेली तयार नऊवारी घालतात, आणि आंत घट्ट विजार. ज्या पणजीनें गोल पातळाला असभ्य म्हटलें, जिच्या नातीनें कासोट्याला गांवठी म्हटलें, तिचीच पणती तो हौसेनें घालून रस्त्यावर नाचते. ह्यांतून एवढेंच निष्पन्न होतें कीं, सभ्यता कापडाच्या आकारांत नसते. प्रत्येक पिढीनें मागल्या पिढीच्या वस्त्राला कधीं उघडें, कधीं जुनाट ठरविलें आहे.

मग वस्त्र निवडावयाचें तें कोणत्या कसोटीवर? कसोटी एकच, आणि ती शरीराची. मुंबईंतील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर व डॉ. सूर्याबाई ह्यांनीं १९४५ सालीं, धोतर कमरेला वर्षानुवर्षें घट्ट आवळल्यानें कातडी घासून होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. २०२४ सालीं वर्धा व बिहारांतील मधुबनी येथील डॉक्टरांनीं वृद्ध स्त्रियांतील तशीच प्रकरणें वैद्यकीय नियतकालिकांत मांडलीं. त्यांतील एकीच्या परकराची नाडी रोज एकाच जागीं आवळली जात होती; दुसरी परकराशिवाय लुगडेंच कमरेस घट्ट बांधीत असे. दोष जुन्या वस्त्राचा नव्हता कीं नव्याचा नव्हता; दोष आवळलेल्या गांठीचा होता. अशी जखम फार क्वचितच कर्करोगापर्यंत जाते. पण काळा पडलेला, खाजणारा कमरेचा वळ पुष्कळ घरांतील स्त्रियांना परिचित आहे, आणि त्याविषयीं वैद्यापाशीं बोलण्याचा संकोचही तितकाच परिचित आहे. उपाय सोपे आहेत. नाडी रुंद असावी, सैल बांधावी, रोज थोडी वर-खालीं सरकवावी, रात्रीं मोकळी करावी. वळ चिघळला किंवा जखम भरेना तर लाज न बाळगतां डॉक्टरांस दाखवावें.

आणि उपायांत पहिला उपाय उन्हाचा. भीमाशंकरच्या पट्ट्यांत पावसाळ्याचे चार महिने चुलीच्या उबेवर कपडे सुकवावे लागतात; तेथें अंगालगतचें कापड ओलसर राहिलें तर तो निसर्गाचा नाइलाज. पण मोकळें अंगण व लख्ख ऊन असतां, केवळ कोणी पाहील म्हणून तेंच कापड दुसऱ्या कापडाखालीं दमट ठेवणें, आणि तें तसेंच अंगांत घालणें, ह्याला नाइलाज म्हणतां येत नाहीं. ओलसर कपड्यानें नायटा व गुह्य भागाचे विकार वाढतात. मासिक धर्माच्या वेळीं जेथें कापडाच्या घड्याच वापरल्या जातात, तेथें तर हा धोका अधिक. त्या साबणानें धुवून कडक उन्हांतच वाळविल्या पाहिजेत. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं 'अस्मिता' योजनेनें जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना स्वस्तांत सॅनिटरी नॅपकिन देऊं केले, त्याच वर्षीं त्यांवरील वस्तु व सेवा करही उठला. सरकार एवढें करूं शकतें. अंगणांतील दोरी मात्र घरच्यांनाच हलवावी लागेल.

ज्या घरांत आई आपल्या वयांत येणाऱ्या मुलीला, हें वस्त्र कां घालावयाचें, किती सैल असावें, कसें धुवावें, कोठें वाळवावें हें साध्या शब्दांत सांगते, आणि ज्या घरांतील पुरुष दोरीवरील त्या कपड्याकडे इतर कपड्यांसारखेंच पाहून आपल्या कामास लागतो, त्या घरांत मुलीचें आरोग्य व तिचा आत्मसन्मान दोन्ही निर्धास्त असतात. खणाच्या चोळीची गांठ एके काळीं स्त्रीच्या स्वतःच्या हातांत होती. वस्त्रें पालटलीं, पुढेंही पालटतील. ती गांठ किती घट्ट व किती सैल, हें ठरविण्याचा हक्क तिच्याच हातीं राहावा, आणि कोपऱ्यांतली दोरी उन्हांत यावी, एवढेंच मागणें ह्या दीर्घ वृत्तांताच्या शेवटीं उरतें.